पाणकर हिरालाल आणि तीस सेकंद

हिरालालच्या घरात पाण्याची गोष्ट निघत नसे. माठातल्या पाण्याची निघे, नळाच्या पाण्याची निघे, पण तलावाच्या पाण्याचा शब्द उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, हा त्याच्या आजाच्या वेळचा नियम होता. आजा पाणकर, बाप पाणकर, आणि मग चाळीस वर्षं हिरालाल पाणकर. आता शहरातल्या माणसाला पाणकर म्हणजे काय हे सांगावं लागेल. गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकसाच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर कोहळी समाजाच्या पूर्वजांनी माती वाहून बांधलेला तलाव. त्या तलावाचं दार, ज्याला तिकडे तुडूम म्हणतात, ते उघडायचं आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी जाईल ते बघायचं, हे काम गाव ज्याच्या हाती देतं तो पाणकर. सगळ्यांत शेवटच्या टोकाच्या बांधीला पाणी आधी, आणि पाणकराच्या स्वतःच्या बांधीला सगळ्यांच्या मागून. असा धंदा स्वीकारणारा माणूस एक तर भोळा असतो नाही तर गर्विष्ठ. हिरालाल थोडा थोडा दोन्ही होता.

घरात पाण्याचं का बोलायचं नाही, याला कारण होतं. घरात बोललं की बायकोच्या कानी जातं, बायकोकडून विहिरीवर, आणि विहिरीवरून ज्याला पाणी हवं त्याच्या घरी. मग तो संध्याकाळी काकड्या घेऊन येतो. हिरालालच्या बापाने अशा काकड्या परत पाठवल्या होत्या. रुख्माबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला सासऱ्याने पहिली गोष्ट हीच सांगितली होती, आणि तिनेही ती पाळली. नवरा चिखलाने माखून आला की ती पाय धुवायला पाणी देई, कोणाच्या बांधीतून आलात असं कधी विचारत नसे.

मुलगा हिमांशू मात्र वेगळ्या पाण्याचा निघाला. कुदळीला हात लावायचा नाही आणि घरातला प्रत्येक रेडिओ उघडून ठेवायचा. डिप्लोमा झाला आणि गोंदियात एका ठेकेदार कंपनीत लागला. शहराला लागून असलेल्या मुर्रीला खोली केली आणि शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवर गावी यायचं ठरवून टाकलं. कंपनीचं काम हातात धरायची यंत्रं पुरवायचं आणि सांभाळायचं. विटेएवढी जाड, पडली तरी न फुटणारी, कुठल्याशा मोठ्या गोदामातून जुनी झाली म्हणून काढलेली यंत्रं. लोक त्यांना मशीन म्हणत.

चार वर्षांपूर्वी तलावांच्या पाणीवाटपाची नोंद एका ठिकाणी व्हावी म्हणून एक योजना आली आणि त्या मशिनी गावोगावच्या पाणकरांना वाटल्या गेल्या. एकशे चौसष्ट मशिनी. त्यातली एक हिरालालच्या हाती आली. पाणी सोडलं की शेतकऱ्याचं नाव, बांधीचा नंबर, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ असं चार चौकटींत भरायचं आणि पाचव्या चौकटीवर दाबून जतन करायचं. पडदा जुन्या पद्धतीचा, बोटाने सहज उमटत नसे, काडीने दाबावं लागे. सोबतची प्लास्टिकची काडी हिरालालने पहिल्या आठवड्यात चिखलात गमावली. मग त्याने बांबूची एक कमची तासली, लाल दोऱ्याने मशीनला बांधली आणि चष्मा नाकावर ओढून तो नोंदी करू लागला. हळू करी, पण करी. पोराच्या कंपनीची मशीन आहे याचा त्याला अभिमान होता. अर्थात तो अभिमान त्याने घरात बोलून दाखवला नाही, कारण मशीन ही पाण्याची वस्तू होती.

आता हिमांशूचं काम काय, तेही थोडं कळायला हवं. अशा मशीनच्या पोटात एक वही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. मशीनच्या सगळ्या सवयी तिच्यात लिहिलेल्या असतात. पडदा किती उजळायचा, आवाज किती करायचा, एकदा उठली की किती सेकंदांनी परत झोपायचं. पूर्वी एखादी सवय बदलायची तर मशीन गोंदियाला आणून, उघडून, एकेक ओळ हाताने बदलावी लागे. हिमांशू हुशार. त्याने दहा-बारा ओळींची एक छोटी आज्ञावली लिहायची पद्धत बसवली. वहीच्या कुठल्या पानावर, कुठल्या नावापुढे, कोणता आकडा टाकायचा एवढंच तिच्यात असे. ती सर्व्हरवर ठेवली की एकशे चौसष्ट मशिनी जिथे असतील तिथून रेंज मिळताच ती ओढून घेत आणि स्वतःची वही स्वतः बदलत. कंपनीचे साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "बैठे बैठे पूरा जिला चला रहा है लड़का." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते कौतुक वाटलं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तक्रारी आल्या की मशीनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. त्याच सुमारास एका गावात कोणीतरी पाणकराची मशीन उचलून खोट्या नोंदी केल्या. साहेबांनी हुकूम सोडला, मशीन झोपेतून उठली की चार आकडी पासवर्ड मागेल आणि नोंद पहिल्यापासून सुरू होईल. "और बैटरी का भी कुछ करो," असं जाता जाता सांगितलं.

बॅटरीचं काय करायचं ते हिमांशूवर सोपवलेलं होतं. मशीन तीनशे सेकंद जागी राहत असे. त्याने टेबलावर, कूलरच्या वाऱ्यात बसून, स्वतः एक नोंद करून पाहिली. अकरा सेकंद लागले. पुन्हा केली, तरी अकराच. माणूस अडाणी धरला तरी दुप्पट लागतील, असा त्याने हिशेब केला आणि तीनशेतलं एक शून्य काढलं. तीस. आज्ञावली सर्व्हरवर चढवली आणि डबा खायला बसला. डबा संपेपर्यंत नव्वद मशिनींनी वही बदलून घेतली होती.

आपल्या बापाची मशीनही त्यात आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बापाला वेगळी सवलत द्यायची नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं. पाणकराच्या पोराला ते शोभेलसं वाटलं. पण बापाला किती वेळ लागतो हे एकदा बांधावर उभं राहून बघावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

सप्टेंबरच्या एका शनिवारी तो घरी जेवत होता. धान गर्भात होता, गावाला पाण्याची घाई होती. हिरालाल बराच वेळ भात चिवडत बसला आणि मग दुसरीकडेच बघत म्हणाला, "तुमच्या त्या मशीनचा दिवा किती वेळ राहते गा?"

"पुरते तेवढा राहते," हिमांशू म्हणाला. एका हातात मोबाईल होता.

"सगळ्याईच्या मशीनचा तेवढाच?"

"सगळ्याईले सारखाच, बाबा. कायले?"

"काही नाही. इचारलं."

एवढंच. चाळीस वर्षांत उंबऱ्याच्या आत त्याने पाण्याची गोष्ट काढली ती एवढी, तीही आडून. सगळ्यांना सारखाच म्हटल्यावर तो पुढे काय बोलणार? बाकीच्यांचं भागतं, आपलंच भागत नाही, म्हणजे खोट आपल्यात आहे, असं त्याने धरलं असणार. तो उठला आणि ताट धुऊन ठेवलं.

कोजागिरी झाली आणि पाणीवाटपाच्या संस्थेची सभा भरली. अध्यक्ष टिकाराम, हिरालालच्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेला. त्याच्यासमोर गोंदियाहून आलेली छापील यादी होती. पाणी द्यायच्या एक्केचाळीस पाळ्यांपैकी हिरालालच्या मशीनवर सात नोंदी होत्या. मधल्या बांधीचा बकाराम उठला. त्याचा धान निसवता निसवता वाळला होता आणि तो रडकुंडीला आलेला होता.

"माज्या बांधीत पानी आलंच नाही," तो म्हणाला. "यादीतबी नाही. देलं असतं तं लिवलं असतं ना?"

"देलं," हिरालाल म्हणाला. "सव्वीस तारखेले सकारी देलं. तू गोंदियाले गेला होता. मी खुद्द उभा होतो."

"मंग लिवलं काऊन नाही?"

हिरालालने खिशातून मशीन काढली आणि तिच्याकडे पाहिलं. चारचौघांत, आपल्याच पोराच्या मशीनवर आपल्याला लिहिता येत नाही, असं तो कसं म्हणेल? लोक त्याला हसले असते तर त्याने सोसलं असतं. पण ते पोराला हसले असते. टिकाराम खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, आता नोंदीवर चालते. यंदा थोडा आराम करा." कोणी वाकडा शब्द बोललं नाही. हिरालालने मशीन टेबलावर ठेवली, तुडुमाची लाकडी खुंटी तिच्याशेजारी ठेवली आणि घरी आला. काम विक्की नावाच्या एका चोवीस वर्षांच्या पोराला दिलं गेलं.

त्या शनिवारी हिमांशू आला तेव्हा बापाने नियम मोडला, उघड मोडला. अंगणात खाटेवर बसून तो म्हणाला, "मी पानी देलं, हिमांशू. एकूणएक पाळी देली."

"देलं असंल बाबा. पन नोंद नाही ना. मशीन कायले खोटं बोलंल?"

रुख्माबाई चुलीपाशी होती. ती आवाज मऊ करून बोलली, कारण तिला नवऱ्याची दया आली होती. "वय झालं आता तुमचं. देतो म्हनून गेले असाल, इसरले असाल. होते असं."

हिरालालने एकदा तिच्याकडे आणि एकदा पोराकडे पाहिलं. जगाने खोटं म्हटलेलं माणूस घरी येऊन विसावतं. त्याला घरीही विसावा मिळाला नाही. आणि या दोघांचं बोलणं इतकं मायेचं होतं की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

त्यानंतर त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. आधी तो सकाळी तलावाच्या बांधावर जाऊन पाण्याकडे बघत उभा राही, मग तेही बंद झालं. "माजी आंघोळ झाली का?" असं तो रुख्माबाईला विचारू लागला. झाली, असं तिने सांगितलं की हातातला टॉवेल चाचपून बघे. गाय सोडली की धोतराच्या सोग्याला गाठ मारी, म्हणजे सोडली हे ध्यानात राहावं म्हणून, आणि संध्याकाळी त्या गाठी मोजत बसे. डॉक्टरने तपासून डोकं ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. हिरालालने मान डोलावली, पण त्याला ते पटलं नाही. बकारामच्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, खेकड्याने पोखरला होता आणि पाणी रातोरात खालच्या ओढ्यात गेलं होतं, हे कापणीच्या वेळी उघड झालं. बकाराम दोनदा हिरालालच्या दारापर्यंत येऊन परत गेला. लाज वाटली असेल. आपल्याकडे माणसं चूक करायला घाबरत नाहीत, कबूल करायला घाबरतात.

पौषात हिरालालच्या छातीत कफ झाला. तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, पण त्याला बरं व्हायची घाई दिसत नव्हती. एकोणसत्तर वर्षांचा माणूस पाच दिवसांत गेला. शेवटच्या दिवशी त्याने रुख्माबाईला विचारलं, "खरंच इसरलो असंल का वो मी?" ती म्हणाली, "आता त्याचं काय घेऊन बसले."

जूनमध्ये हंगामाआधी सगळ्या मशिनी कपाटातून बाहेर निघाल्या. त्या पुसायच्या, जुनं सगळं मिटवायचं आणि नव्या नावाने द्यायच्या, हे हिमांशूचं काम. दुपारी जेवणानंतर त्याच्या टेबलावर एक मशीन आली. तिला लाल दोऱ्याने बांबूची कमची बांधलेली होती आणि चौकटीच्या फटीत वाळलेला चिखल होता. ती कोणाची हे त्याला लगेच कळलं.

मिटवण्याआधी बॅटरीचा इतिहास बघायचा असतो. तो मशीनच्या आतल्या एका नोंदवहीत असतो. ती गोंदियाला कधी पाठवली जात नाही, कारण इथे फक्त पूर्ण झालेल्या नोंदी येतात. अर्धवट राहिलेलं सगळं मशीनच्या पोटातच राहतं. हिमांशूने ती उघडली आणि खाली खाली सरकत गेला.

सव्वीस सप्टेंबर. सकाळी सात बारा, पासवर्ड. नाव बकाराम. बांधीचा नंबर. वेळ संपली, झोपली. सात सोळा, पासवर्ड. नाव बकाराम. झोपली. सात वीस. सात तेवीस. सात सत्तावीस, यावेळी चौथ्या चौकटीपर्यंत. झोपली. असं नऊ वेळा, सात एक्केचाळीसपर्यंत. पाऊण एकर धानाच्या चिखलात एक म्हातारा अर्धा तास उभा राहून एकच नाव पुन्हा पुन्हा लिहीत होता. आणि तसं एकाच दिवशी नाही, एकाच बांधीत नाही. चौतीस पाळ्या, सप्टेंबरभर प्रत्येकीच्या पोटात पाच, सात, नऊ प्रयत्न. ऑक्टोबर लागल्यावर प्रयत्न कमी झालेले दिसत होते. प्रत्येक पाळीला फक्त एकदा मशीन उघडलेली, नाव निवडलेलं आणि पुढे काही नाही. मी इथे होतो, एवढंच जणू सांगून ठेवलेलं.

मग हिमांशूने ऑगस्टच्या आधीच्या नोंदी काढल्या, मशीन तीनशे सेकंद जागी राहायची तेव्हाच्या. बापाला एका नोंदीला सरासरी पंचेचाळीस सेकंद लागत. तीसच्या जागी साठ लिहिले असते तरी भागलं असतं. ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्या मुलीने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा आपण मोठ्याने रडतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. "तीन सौ वापस डाल दे," ते म्हणाले, "और बात यहीं रहने दे." आकडा परत टाकायला चार मिनिटं लागली. उरलेला दिवस आणि दुसरा पूर्ण दिवस हिमांशू बाकीच्या मशिनींच्या पोटातल्या वह्या उघडत बसला. मग कागद छापून घेतले आणि शनिवारची वाट न बघता गावी गेला.

रुख्माबाई अंगणात सूप घेऊन पऱ्ह्याचं, म्हणजे रोपांसाठी पेरायचं, धानाचं बियाणं पाखडत होती. त्याने तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. रजिस्ट्री तिला कळली नाही, पण आकडा कळला. एक शून्य कमी झालं आणि दिवा लवकर विझू लागला, हे तिला लगेच कळलं. त्याने सव्वीस तारखेचं पान वाचून दाखवलं. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे देलं होतं त्यायनं," ती म्हणाली.

"देलं होतं, माय. सगळ्या पाळ्या."

"आन् तुले त्यायनं इचारलं होतं. दिव्याचं. मी होती ना चुलीपाशी, मी आयकलं. तू फोन पाहून राहिला होता."

हिमांशूला मान वर करता येईना.

"मीबी काही कमी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो अधिकच लागत होता. "इसरले असाल म्हनलं. तीन मयने म्हनत राहिली. मरतानी इचारलं त्यायनं, तवाबी नाही म्हनलं नाही. एक डाव म्हनली असती, तुमी देलं, मले भरोसा आहे. माजं काय जात होतं?"

तो पुढे झाला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. रुख्माबाईने पाय मागे घेतले.

पोराला पायाशी येऊ न देणारी आई त्या गावात कोणी पाहिली नसेल. ती रागावलेली दिसत नव्हती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. एका माणसाचे एवढे कागद नसणार, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"हे सगळे त्यायचेच आहेत?"

"नाही. दुसऱ्या गावचे. असे अजून अठरा पाणकर सापडले."

"बुढेच असतीन."

"हो."

"त्यायलेबी घरचे इसरले असाल म्हनत असतीन," रुख्माबाई म्हणाली. ती तलावाच्या बांधाकडे बघत होती. "मंग इथं माज्यापुढं कायले बसून राहिला? जे जित्ते आहेत त्यायच्या घरी आधी जा. घरच्याईच्या समोर वाचून दाखव."

हिमांशूने मोटारसायकल काढली. फाटकाशी थांबून त्याने वरचा कागद पाहिला. दवनीवाड्याच्या पलीकडचं गाव, पाणकर केवलराम, वय एकाहत्तर, अपुऱ्या नोंदी एकतीस, कामावरून कमी. तो जिवंत आहे की नाही हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.